स्मूदनिंगवरून स्वतःच्या कुरळ्या केसांवर परत येताना: कोणत्या क्रमाने काय करायचं

जळगावात पार्लरचं काम करताना दर वर्षी लगीनसराई संपली की बायका-मुली एकच गोष्ट सांगत येतात, ताई आता स्मूदनिंग पुरे, माझे मूळचे केस परत पाहिजेत. आणि त्यातल्या बऱ्याच जणी पाचव्या-सहाव्या महिन्यात कंटाळून परत त्याच खुर्चीत स्मूदनिंगला बसतात. जवळजवळ प्रत्येकीचा क्रम चुकलेला असतो. आधी तेलं, मास्क, सिरम यांच्यावर पैसे जातात आणि केस जिथे खरा तुटतो तिकडे कोणी बघतच नाही.

तो कुठे तुटतो ते आधी समजून घ्या. मुळाकडून येणारा नवीन केस कुरळा किंवा वेव्ही, खालचा जुना केस सरळ केलेला, आणि हे दोन्ही जिथे भेटतात तो जोड. तिथे केसाचा आकार एकदम बदलतो आणि जुनी बाजू केमिकलने आधीच कमजोर झालेली असते, म्हणून कंगवा असो, रबर असो की ओला केस ओढणं असो, तुटतं ते बहुतेक तिथेच. खाली लिहिलेलं जवळपास सगळं या जोडाला सांभाळण्यासाठी आहे.

१. केसांवर नक्की काय केलंय ते शोधा

"केराटिन केलंय" असं सांगणाऱ्या निम्म्या बायकांनी प्रत्यक्षात स्मूदनिंग केलेलं असतं, आणि दोन्हीचा रस्ता वेगळा आहे.

स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, रिबॉन्डिंग: यांच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट (थोडक्यात थायो) असतं. केसाला आकार देणारे आतले डायसल्फाईड बंध ते तोडतं, मग केस मशीनने सरळ ओढतात आणि न्यूट्रलायझर लावून बंध त्याच सरळ आकारात परत जोडतात. जेवढ्या लांबीला क्रीम लागलं तेवढी लांबी कायमची सरळ. ती परत कुरळी होत नाही, कोणत्याच तेलाने नाही, मेथीने नाही, कांद्याच्या रसाने तर नाहीच.

रिलॅक्सर: अतिशय घट्ट कुरळ्या केसांसाठी असतो, आफ्रिकन वंशाच्या बायकांमध्ये जास्त वापरतात, त्यात सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्कली असतो. आपल्याकडे क्वचित दिसतो पण ऑनलाईन मागवून घरी लावणाऱ्या आहेत. हा पण कायमचा.

केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया: हे बरंचसं केसावर बसणारं आवरण आणि भरपूर हीट. साधारण ३ ते ५ महिन्यांत उतरत जातं आणि मूळचा कुरळेपणा बऱ्यापैकी परत येतो. मात्र मशीन फार गरम असेल किंवा केस आधी ब्लीच केलेले असतील तर टोकं अर्धवट सरळच राहतात.

तपासा: केस धुवा, काही न लावता आपोआप वाळू द्या. मुळाजवळ वळण आणि खाली काठीसारखं सरळ, असा स्पष्ट फरक दिसला तर केमिकल कायमचं आहे, पुढचं सगळं वाचा. केराटिनला ३-४ महिने होऊन गेलेत आणि सगळ्या लांबीला हळूहळू वळण येतंय, तर तुम्हाला कापाकापीची घाई नाही, पाणी आणि धुण्याचा भाग तेवढा नीट करा.

सावधान: रिलॅक्सर लागलेल्या केसावर थायोवालं स्मूदनिंग करू नका, उलटही नको. दोन्ही केमिकल एकमेकांशी जुळत नाहीत, केस पुंजक्याने तुटतात.

२. हिशोब करा, मग ठरवा

केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५. खांद्यापर्यंतचे पूर्ण स्वतःचे केस पाहिजे असतील तर दोन वर्षं धरून चाला, कुरळा केस वाळल्यावर आखडतो म्हणून दिसायला त्याहून आखूड वाटेल. "सहा महिन्यांत केस पूर्ववत" असं कोणी विकत असेल तर घेऊ नका.

रस्ते तीन आहेत. एक, सगळा सरळ भाग एकदाच कापून टाकणं. जोडच उरत नाही त्यामुळे केसांसाठी हे सगळ्यात सोपं, पण सगळ्यांच्या मनाची तयारी नसते आणि त्यात काही चूक नाही. दोन, लांबी ठेवून दर काही आठवड्यांनी थोडं थोडं कापत जाणं. याला दीड ते दोन वर्षं लागतात आणि सगळ्यात जास्त काळजी इथेच लागते. तीन, मधला रस्ता: ७-८ महिने वाढवायचे, नवीन केस आठ-दहा सेंटिमीटर झाला की तिथपर्यंत आखूड कट. माझं मत विचाराल तर नोकरी करणाऱ्या, रोज गाडीवर जाणाऱ्या, घरात लहान मूल असणाऱ्या बायकांना हा तिसराच जमतो, कारण दोन वर्षं दोन प्रकारचे केस सांभाळायला वेळ कुणाकडे आहे.

सुरुवात आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नाची गडबड उरकल्यावर करा. जून-जुलैत हवेत ओलावा असतो, केस कमी कोरडे पडतात, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत हाताशी चांगले दहा सेंटिमीटर असतात. घरात एखादं लग्न ठरलेलं असेल तर ते आधी होऊ द्या, नाहीतर हळदीच्या आदल्या दिवशी हमखास "एवढ्यापुरतं सरळ करून घे" होतं.

घरच्यांना पण आधीच सांगून ठेवा. केस कापून घरी गेल्यावर आजी "काब्र कापी टाकात व माय?" (का गं कापून टाकले?) म्हणणारच, आणि तो प्रश्न प्रेमापोटी असतो, पण रोज ऐकला की पोरी ढिल्या पडतात. आखूड केस हा मधला टप्पा आहे, किती महिन्यांचा आहे, हे एकदा बसून समजावलं की बऱ्याच घरांत नंतर आईच आठवण करते की अगं तुझी ट्रिमिंगची तारीख आली.

३. आधी पाणी, मग प्रॉडक्ट

हा भाग लोक सोडून देतात आणि मग म्हणतात कंडिशनर काम करत नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत बोअरचं पाणी वापरतात आणि ते जड असतं. बादलीला, नळाला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, तोच थर केसावर पण बसतो आणि केस खरखरीत, गुंतलेला राहतो. खरखरीत केस गुंतणार, गुंतलेला केस जोडावर तुटणार.

काय करायचं:
– शेवटचे एक-दोन तांबे पाणी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. पूर्ण आंघोळीला लागत नाही, शेवटी ओतायला पुरतं.
– महिन्यातून एकदा-दोनदा क्षार काढणारा शॅम्पू. बाटलीच्या मागे डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए वरच्या घटकांत लिहिलेलं बघा. दर वेळी वापरू नका, केस कोरडे पडतात.
– तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, क्षार जात नाहीत. उकळून थोडासाच फरक पडतो.

सावधान: आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी भांडी-फरशीला वापरतात तसं काही जणी केस धुवायला घेतात. त्यात क्षार उलट जास्त असतात, ते केसाला लावूच नका.

४. सामान

फार नाही लागत. विरळ दातांचा कंगवा, सौम्य शॅम्पू, भरपूर घसरण देणारं कंडिशनर, खोबरेल, एक जुना कॉटनचा टी-शर्ट किंवा विटलेली मऊ साडी, कापडी रबर, आणि उशीला सॅटिनचा अभ्रा. सॅटिन जळगावच्या फुले मार्केटात मीटरवर मिळतं, घरच्या मशीनवर अभ्रा शिवून घ्या.

जेल विकत आणायची गरज नाही, जवस आपल्या घरात असतंच. पाव वाटी कच्चं जवस (चटणीसाठी भाजून ठेवलेलं चालत नाही), दोन वाट्या पाणी, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हलवत राहा. चमच्याने उचलल्यावर तार धरायला लागलं की गॅस बंद, आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळा, कारण गार झालं की ते कापडातून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास आंबूस आला की टाकून द्या.

स्ट्रेटनर, ब्लोअरचं गरम सेटिंग आणि बारीक दातांचा कंगवा घरात कुणाला तरी देऊन टाका किंवा माळ्यावर ठेवा, समोर असलं की हात जातोच.

५. धुण्याचा दिवस: क्रम मोडायचा नाही

आठवड्यातून एकदा, टाळू तेलकट असेल किंवा उन्हाळ्यात घाम फार येत असेल तर दोनदा.

अ) कोरड्या केसावर बोटांनी गुंता सोडवा. चार भाग करा, प्रत्येक भाग क्लिपने वेगळा. कंगवा अजून नाही.

आ) धुण्याआधी अर्धा-एक तास खोबरेल लावा, मुख्यतः जोडापासून खाली. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रोटीन कमी करतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे, सूर्यफूल तेल किंवा मिनरल ऑइलमध्ये तो परिणाम मिळाला नाही. टाळूला कोंडा असेल तर टाळूवर तेल नको, रात्रभर तर अजिबात नको.

इ) उभं राहून किंवा पाटावर ताठ बसून तांब्याने मागून पाणी सोडा. डोकं बादलीवर उलटं वाकवून धुतलं की सगळे केस पुढे येऊन गुंततात, दोन प्रकारच्या केसांत तो गुंता सुटत नाही.

ई) शॅम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, चार भागांत एकेक करून. केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत. खालच्या लांबीला वरून ओघळणारा फेस पुरेसा आहे.

उ) कंडिशनर तळहात भरून घ्या, काटकसर इथे करू नका. जोडापासून टोकापर्यंत लावा. आता कंगवा, आणि तो टोकाकडून सुरू करून वर वर, दुसऱ्या हाताने जोडाच्या वर केस घट्ट धरून, म्हणजे ओढ जोडावर न येता तुमच्या मुठीवर येईल. ही एक सवय लागली तरी तुटणं निम्म्यावर येतं असा माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा अनुभव आहे.

ऊ) धुवून टाका, शेवटी ते चांगलं पाणी.

ए) टी-शर्टने फक्त दाबून पाणी टिपा. पंचाने केस झटकणं, फटाफट मारून वाळवणं, हे आपल्याकडे अंगवळणी पडलंय आणि जोडाचा सगळ्यात मोठा शत्रू तेच आहे. ओल्या केसांना टॉवेल पिळून अंबाडा पण नको.

ऐ) केस अजून चांगले ओले असताना थोडं कंडिशनर किंवा लीव्ह-इन (न धुता केसात ठेवायचं कंडिशनर), त्यावर जवसाचं जेल, मूठ दाबत दाबत. मग हात लावायचा नाही, पूर्ण वाळेपर्यंत.

तपासा, दर धुण्याला: कंगव्यातले केस हातावर घेऊन बघा. लांब केस आणि एका टोकाला बारीक पांढरा ठिपका म्हणजे तो मुळापासून आपोआप गळालेला, दिवसाला ५० ते १०० जाणं नॉर्मल आहे आणि आठवड्याचे एकदम निघाले तर पुंजका मोठा दिसतो, घाबरू नका. आखूड तुकडे, ठिपका नाही, म्हणजे तुटलेले. तुकडे वाढत असतील तर कंगवा आणि रबर तपासा, आणि ट्रिमिंग लवकर घ्या.

दुसरी तपासणी: एक ओला केस हलकेच ताणा. थोडा ताणून परत जागेवर आला तर ठीक. रबरासारखा ताणतच गेला आणि तुटला तर प्रोटीनवालं ट्रीटमेंट एकदा घ्या. अजिबात न ताणता कटकन तुटला तर प्रोटीन थांबवा, नुसतं कंडिशनर जास्त वेळ ठेवा. अंडं, दही, केळं यांचे लेप लावून बघायची फार हौस असते आपल्याकडे, आणि रावेर-यावलकडच्या घरांत केळ्याला काय कमी, पण अंड्यातलं प्रोटीन मोठं असतं, केसात शिरत नाही, आणि केळ्याचे तुकडे जोडापाशी अडकून धुताना ओढाताण होते.

६. दोन प्रकारचे केस एकसारखे दिसण्यासाठी

चौथ्या ते आठव्या महिन्यात मन सगळ्यात जास्त डळमळतं. वर फुगलेलं, खाली चपटं, फोटोत नको वाटतं. यावर मशीन न लावता उपाय आहे.

धुवून जेल लावलेल्या ओलसर केसांच्या पाच-सहा सैल वेण्या घाला, टोकांना कापडी किंवा स्पंजचे रोलर गुंडाळा कारण सरळ टोक वेणीतून सुटल्यावर परत सरळच होतं. रात्रभर ठेवा. सकाळी बोटांना दोन थेंब तेल लावून सोडा आणि कंगवा घालू नका. पूर्ण वाळल्याशिवाय सोडलं तर तासाभरात सगळं पसरतं, नव्वद टक्के तक्रारी याच असतात.

लग्नाला जायचं असेल तर खाली सैल अंबाडा, वर गजरा, कोणालाही काही कळत नाही. कपाळाजवळचे केस घट्ट ओढून बांधू नका, रोजच्या ओढीने तिथले केस विरळ होतात आणि फार वर्षं चाललं तर परत येत नाहीत.

सावधान: "फक्त एका दिवसापुरतं स्ट्रेटनर" याने नवीन आलेल्या कुरळ्या केसाचं वळण पण कायमचं ढिलं पडू शकतं. सहा महिन्यांची वाढ एका संध्याकाळी जाते. काळी मेहंदी पण या काळात नको, त्यात बहुतेक वेळा पीपीडी हे काळा रंग देणारं केमिकल असतं आणि टाळूला ॲलर्जी होऊ शकते. साधी मेहंदी पण केस कोरडा आणि ताठ करते, पांढरे झाकायचे असतील तर फक्त मुळाशी लावा आणि नंतर भरपूर कंडिशनर.

७. ट्रिमिंग, आणि पार्लरमध्ये काय बोलायचं

दर ८ ते १० आठवड्यांनी एक ते अडीच सेंटिमीटर. केस ओले असताना जोड स्पष्ट दिसतो, म्हणून किती उरलंय ते ओल्यावर बघून घ्या, पण आखूड कट असेल तर शेवटचा आकार वाळल्यावर द्यायला सांगा, ओला कुरळा केस कापला की वाळून वर चढतो आणि मग रडायची वेळ येते.

पार्लरवालीला बसायच्या आधी सांगा: सरळ भागातूनच कापा, थिनिंगची कात्री नको, ब्लेडने लेयर नको, धुतल्यावर ब्लो ड्राय नको. ती म्हणेल, "ताई, मुळांना टच-अप करून देते, सगळं सारखं होईल." नाही म्हणा. टच-अपमध्ये क्रीम जोडावरून खाली सरकतं, आधीच एकदा केमिकल झालेल्या भागाला दुसऱ्यांदा लागतं, आणि तो तिथेच तुटतो. "फॉर्मल्डिहाईड नसलेलं" म्हणून जे विकतात त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, आणि तशा ट्रीटमेंटनंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. घटक विचारा, डबा दाखवत नसतील तर उठून या.

८. आपला उन्हाळा

मार्च ते जून वेगळं वागावं लागतं. भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. ग्लिसरीन भरपूर असलेली जेलं या हवेत केसालाच कोरडं करतात, म्हणून तेव्हा ग्लिसरीन कमी, वर थोडं तेल. गाडीवर स्कार्फ बांधताच तुम्ही, पण जाड सुती स्कार्फ दिवसभर जोडावर घासतो, आत सॅटिनचा तुकडा घाला. कूलरच्या थेट झोतात केस मोकळे सोडून झोपू नका, सैल वेणी घाला.

पावसाळ्यात उलट: भिजलेले केस बांधून ऑफिसात बसू नका, टाळूला वास येतो, खाज सुटते.

९. शेवटचा कट कधी

जोड गळ्याच्या किंवा हनुवटीच्या रेषेला आला आणि तेवढे आखूड केस तुम्हाला आवडतील असं वाटलं, की उरलेला सरळ भाग एकदम काढा. शेवटचे तीन-चार इंच सरळ ओढत ठेवण्यात अर्थ नाही, त्यांच्यामुळे वरच्या कुरळ्यांना खाली ओढ बसते आणि वळण नीट उमटत नाही. कापल्यावर लगेच धुवून, जेल लावून, वाळू देऊन बघा. वळण डोक्यावर सगळीकडे सारखं नसतं, मागे घट्ट आणि पुढे सैल असणं अगदी साधं आहे. लहानपणच्या फोटोतल्यासारखेच येतील असंही नाही, वयात येणं, बाळंतपण, हार्मोन यांनी वळण बदलतं.

डॉक्टरकडे केव्हा: टाळू दिसेल असे चट्टे पडले, टाळूला जळजळ किंवा पू आला, किंवा मुळासकट गळणं तीन महिन्यांहून जास्त चाललं. टायफॉईड, डेंग्यू, बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात, त्याचा स्मूदनिंग सोडण्याशी संबंध नसतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईडच्या तपासण्या आधीच झालेल्या असतील तर ते रिपोर्ट, आणि शेवटचं केमिकल कोणतं व कधी केलं ते लिहून सोबत न्या.